शब्दाला गवाह

मिठाईचा डबा हातात आला की भालकीकरसाहेब आधी तो उलटा करून तारीख बघत. मग कुणी दिला ते विचारत, मग का दिला ते. सगळी उत्तरं पटली तरी पेढा अर्धाच खात आणि उरलेला कागदात गुंडाळून खणात ठेवत. त्या अर्ध्या पेढ्यांचं पुढं काय व्हायचं हे आम्हाला कधी कळलं नाही. पोट बिघडलं तर पुरावा म्हणून जपत असतील, असं कुणीतरी एकदा म्हणालं आणि आम्ही सगळे खूप हसलो.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. नवी लिफ्ट बसवणारे वेगळे; ते बसवून मोकळे होतात. पुढं वर्षानुवर्षं तिचं तेलपाणी बघणं, अडकली की आतली माणसं बाहेर काढणं, हे आमचं काम. निजामाच्या जुन्या राजधानीत, हिमायतनगरला चौथ्या मजल्यावर ऑफिस आहे आणि मी तिथं तक्रारींच्या फोनवर बसते. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं गोड बोलत नाहीत, त्यामुळे माझाही स्वभाव फार भोळा राहिलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे आहे ते एका संशयी बाईनं एका संशयी माणसाबद्दल सांगितलेलं आहे.

भालकीकरसाहेब पर्सोनेलचं बघत. मधे त्या खात्याचं नाव बदलून एचआर झालं, तेव्हा नाव का बदललं, कुणाच्या सांगण्यावरून बदललं, याचा त्यांनी बरेच दिवस तपास केला होता. उंच, किडकिडीत, चष्मा दोरीला बांधून गळ्यात सोडलेला. खुर्ची कायम भिंतीला टेकवून बसत, म्हणजे मागून कुणी यायला नको. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी विचारलं, कुठले तुम्ही? म्हटलं, वडील नांदेडहून रेल्वेत लागून इथं आले, आम्ही मलकपेठला राहतो. मग आडनाव विचारलं. म्हटलं, कांबळे. 'बरं,' ते म्हणाले.

हे 'बरं' मी पुढं कितीतरी वर्षं मनात घोळवत होते. त्यांचे आजोबा निजामाच्या वेळचे वकील, वडील महसूल खात्यात, घर गौलीगुड्याच्या जुन्या मराठी वस्तीत. अशा घरातल्या माणसाचं 'बरं' मी सरळ घेतलं नाही, आणि न घ्यायला मला कारणं होती. पण हेही खरं की ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, आणि ते माझ्याशी शेवटपर्यंत मराठीतच बोलले, 'सुनंदाबाई' म्हणूनच बोलले. इतरांशी त्यांचं तेलुगू चाले, आणि त्यातलं निम्मं उर्दू असे.

'गवाह कोण?' हा त्यांचा आवडता प्रश्न. वकील आजोबांकडून आलेला असावा. कुणी म्हणालं, साहेब, सगळे म्हणतायत चहा बिघडलाय, की हे विचारणार, सगळे म्हणजे कोण? तुम्ही स्वतः ऐकलं का? गवाह कोण? तोपर्यंत चहा निवून जाई आणि तक्रार करणाऱ्याचा उत्साहही. एका दसऱ्याला आमच्या मोठ्या मालकांनी सगळ्यांसमोर त्यांना शाल दिली आणि भालकीकर म्हणजे माझा उजवा हात असं म्हणाले. दुसरा कुणी असता तर आठ दिवस हवेत चालला असता. हे मात्र आठ दिवस सुकत गेले. माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणायचे, "सुनंदाबाई, मालक असं का बोलले असतील? काय काम निघालंय आता?"

आम्हाला वाटायचं, हे सगळं नाटक आहे. कारण कँटीनमध्ये सकाळी कुणी काही कुजबुजलं की संध्याकाळपर्यंत ते मालकांच्या कानावर गेलेलं असे. कोण नेत असेल? भिंतीला पाठ लावून सगळ्या खोलीवर नजर ठेवणारा माणूस एकच होता. ते पाण्याच्या टाकीजवळ आले की आमच्या गप्पा आपोआप पावसापाण्यावर येत. मीही त्यात होतेच. त्यांच्याबद्दल मला धाक होता आणि नावडही होती, आणि दोन्हींतलं आधी कुठलं आलं ते आता सांगता येणार नाही.

ती नावड पक्की झाली नरसिंगलूच्या प्रकरणात. नरसिंगलू आमचा जुना मेकॅनिक. कमी बोलणारा, आणि बोलला तर टोचेल असं बोलणारा. मलकपेठला एक फंक्शन हॉल आहे, तिथली लिफ्ट आमच्याकडे होती. हॉलचा मालक आमच्या मोठ्या मालकांचा दोस्त. शहरात त्याचे आणखीही हॉल, आणि सगळ्यांच्या लिफ्टा आमच्याकडे. ऐन लग्नसराईत त्याचा मला फोन आला, की लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबते आहे. मी तक्रार लावली. माणसं कमी होती, कुणी गेलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला नरसिंगलू गेला तेव्हा खाली वरात येऊन उभी होती.

त्यानं ब्रेक उघडून बघितला, लिफ्ट बंद केली, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून निघून आला. हॉलवाल्यानं आधी विनवलं, मग शिव्या दिल्या. आज रात्रीपुरती चालू दे, उद्या काय ते कर, असं त्याचं म्हणणं. नरसिंगलू म्हणाला, चालू करायची तर आधी तुझी पोरंबाळं बसव आत. नवऱ्या मुलाच्या आजीला खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यानं वर नेलं, आणि त्याचा व्हिडिओ सगळ्या पाहुण्यांच्या फोनवर गेला. दुसऱ्या आठवड्यात त्या माणसाच्या सगळ्या हॉलच्या लिफ्टा आमच्याकडून गेल्या.

भालकीकरसाहेबांनी चौकशी केली. मलाही बोलावलं होतं. मी सांगितलं, की तक्रार आधी दोनदा आली होती, लिफ्ट खाली घसरत होती म्हणजे ब्रेकच गेला असणार. ते म्हणाले, "याची इथं गरज नाही, सुनंदाबाई. प्रश्न किल्लीचा आहे." चौकशीत निघालं ते इतकंच, की नरसिंगलूनं वरच्यांना न विचारता किल्ली नेली आणि गिऱ्हाइकाशी उद्धटपणा केला. त्याला घरी बसवलं. पुढचा हुकूम येईपर्यंत असं म्हणायचं, पण तो हुकूम काही येत नव्हता. मेव्हण्याची ऑटो चालवतोय असं कानावर आलं. त्याची बायको एकदा ऑफिसात येऊन बाकावर बसून गेली. साहेब तिला भेटले, पाणी दिलं, आणि काही न सांगता परत पाठवलं. त्या दिवशी मला त्यांचा संताप आला होता.

असे काही महिने गेले आणि मोठ्या मालकांनी कारभार मुलीकडे सोपवला. हारिका मॅडम कामाला कडक आणि बोलायला सरळ. त्यांनी बंगळुरूहून एक सल्लागार बोलावला. त्याच्या पायात बूट होते, मोजे नव्हते. बोलणं मात्र लाघवी. तो म्हणाला, कंपनीची मूल्यं ठरवायची आहेत, 'कोअर व्हॅल्यूज', ती भिंतीवर लावायची आणि रोज जगायची. आम्हाला रंगीत चिठ्ठ्या वाटल्या आणि मनात येईल तो चांगला शब्द लिहायला सांगितलं. काचेची भिंत बघता बघता भरली. ईमानदारी, एकी, सुरक्षितता, आदर, उत्कृष्टता. एकानं 'माणुसकी' लिहिलं आणि सल्लागारानं डोळे मिटून मान हलवली. आम्ही आतून धास्तावलो होतो. नवा मालक आला, चांगले शब्द निघाले, म्हणजे आता कुणाची तरी नोकरी जाणार, असा आमचा अनुभव होता.

भालकीकरसाहेब काचेजवळ गेले आणि चष्मा लावून एकेक चिठ्ठी वाचून आले. मग हारिका मॅडमना म्हणाले, "मॅडम, ये सब लफ्ज अच्छे हैं. मगर गवाह कौन?"

कुणाला काही कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. ज्या शब्दापायी आपल्या कंपनीत कुणी खरोखर काही गमावलं असेल, तोच शब्द भिंतीवर जाऊ द्या. आपल्याच कंपनीतला प्रसंग हवा, नाव सांगणारा माणूस हवा. तसा गवाह नसेल तर शब्द कितीही चांगला असो, नक्को. सल्लागार तर खूशच झाला. असं मी आजवर कुठंच ऐकलं नाही म्हणाला. मॅडम म्हणाल्या, मग असे प्रसंग तुम्हीच गोळा करा.

झालं. लांडगा कोकरं मोजायला निघाला, असं आम्हाला वाटलं. ते एकेकाला आत बोलवायचे, दार लावायचे, आणि विचारायचे, तुम्ही कधी वरच्यांचं किंवा गिऱ्हाइकाचं न ऐकता स्वतःच्या मनानं काही केलंय का? तोटा झाला का? असल्या प्रश्नाला कोण उत्तर देईल? समोर कागद नाही, पेन नाही, नुसते ऐकत बसत. लिहून घेतलं असतं तर निदान काय लिहिलं ते तरी चोरून बघता आलं असतं, असं कँटीनमध्ये बोलणं झालं.

लोकांनी मग बेताच्या गोष्टी तयार केल्या. कधीतरी एका लिफ्टच्या खड्ड्यात सोन्याची साखळी सापडली होती आणि ती मालकिणीला परत दिली गेली होती. ती साखळी मीच परत केली, असं तिघांनी साहेबांना वेगवेगळं सांगितलं. त्यांनी तिघांना एकत्र बोलावलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, साखळीला पदक होतं का? एकानं बालाजीचं सांगितलं, एकानं कमळाचं, तिसरा म्हणाला नव्हतं. साहेबांनी तिघांनाही चहा पाजला आणि ईमानदारीची चिठ्ठी काचेवरून काढून खिशात घातली. हे ऐकून मी हसले, पण त्यांचा हेतू काय असेल हा किडा डोक्यातून गेला नाही.

माझी पाळी आली तेव्हा त्यांनी दार लावलं नाही. ते स्वतःच माझ्या टेबलाशी आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "मलकपेठच्या हॉलचा फोन तुम्हीच घेत होता ना? काय म्हणाला होता तो, आधीच्या दोन्ही वेळेला?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता हे माझ्यावर शेकवणार. तक्रार आली होती आणि बाईनं नीट पुढं पाठवली नाही, असं काहीतरी. मी म्हटलं, "साहेब, हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, याची गरज नाही. आता कशाला पाहिजे?"

आजूबाजूचे हात थांबले. ते माझ्याकडे नाही, माझ्या फोनकडे बघत होते. "हौ," ते म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं." आणि निघून गेले. तो आठवडा मी दुसरी नोकरी शोधण्यात घालवला, हे खोटं सांगत नाही.

शेवटी सगळ्यांची बैठक झाली. मोठे मालकही येऊन मागे बसले होते. सल्लागार पडद्यावर एकेक शब्द दाखवी आणि साहेब त्याचा प्रसंग सांगत. 'एकी'ला प्रसंग निघाला; पुराच्या वेळी तळघरातल्या लिफ्टच्या मोटारी वाचवताना आमची पोरं दोन दिवस घरी गेली नव्हती, एकाला कावीळ झाली होती. 'आदर'ला एक निघाला, तो माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीचा. अर्वाच्य बोलणाऱ्या गिऱ्हाइकाचा फोन तिनं ठेवून दिला होता आणि त्यापायी बढती घालवली होती. हे साहेबांना कुणी सांगितलं ते तिलाच कळेना. 'उत्कृष्टता' गवाहावाचून गेली. सल्लागाराला वाईट वाटलं.

मग 'सुरक्षितता' आली. खोलीत सगळ्यांना एकच माणूस आठवला असणार, पण जो तो आपल्या फोनमध्ये बघायला लागला. सल्लागारानं सावरून घेतलं. म्हणाला, आपल्या व्यवसायाचा हा पायाच आहे, याला प्रसंगाची काय गरज, हा तसाच ठेवू. मॅडमही मान हलवणार होत्या.

साहेब उभे राहिले. "इस लफ्ज का एकीच गवाह है, मॅडम," ते म्हणाले. "नरसिंगलू. उसकू मैं घर बिठाया."

मॅडम म्हणाल्या, पण चौकशीत तर त्याची चूक निघाली होती, मी वाचलंय. साहेब म्हणाले, ब्रेक गेलेला होता. तक्रार आधी दोनदा आली होती. ते मला ठाऊक होतं आणि मी ते चौकशीत येऊ दिलं नाही. तो लिफ्ट चालू ठेवून आला असता तर आज आपण कुठल्या शब्दांची चर्चा करत असतो, ते मला सांगवत नाही. तेव्हा एक करा. त्याला बोलवा, नाहीतर हा शब्द काढा.

मॅडमनी विचारलं, तुम्ही असं का केलं? कुणी सांगितलं होतं का? मी मागे वळून मोठ्या मालकांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. साहेब म्हणाले, नाही, कुणी नाही, माझंच काम ते. सल्लागाराला भरून आलं होतं. तो म्हणाला, सर, हाच ईमानदारीचा प्रसंग, तो शब्द परत घेऊ. साहेब त्याच्यावर जवळजवळ खेकसले, "नक्को. ये देर से बोली सो बात है. इसकू गवाह मत बनाव."

मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल आदर वाटला, आणि तो वाटल्याचा रागही आला. एवढे महिने त्या बाईला पाणी देऊन परत पाठवणारा माणूस हाच. आणि अजूनही ते सगळं बोलले असं मला वाटत नाही. मालकांच्या दोस्ताची लिफ्ट, मालकांनी काही न सांगता भालकीकरांनी एवढं धाडस केलं असेल? मग त्या दिवशीही त्यांनी कुणाला तरी पाठीशी घातलं. का घातलं? त्या शालीपायी, की जुन्या मिठापायी? की सगळी अट त्यांनी पहिल्यापासून याच एका शब्दासाठी रचली होती आणि आम्ही बाकीचे उगाच साखळ्या शोधत बसलो? मी त्यांना हे विचारू शकले असते. विचारलं नाही, कारण त्यांच्या उत्तरावरही माझा विश्वास बसला नसता.

हारिका मॅडमनी दोन्ही गोष्टी केल्या. नरसिंगलूला मानानं परत बोलावलं आणि भालकीकरसाहेबांना महिनाअखेरीला नोकरी सोडायला सांगितलं. चौकशी करणाराच जर खरं दडवत असेल तर मी त्याला खुर्चीवर ठेवू शकत नाही, असं त्या म्हणाल्याचं कळलं. साहेबांनी निरोपसमारंभ करू दिला नाही. रंगारी भिंतीवर शब्द लिहीत होता तेव्हा त्याच्या मागे उभे राहून त्यांनी पूर्ण होईपर्यंत बघितलं, आणि आपल्या खोलीत गेले.

नरसिंगलू परत आला, पण त्यांच्याशी बोलला नाही. समोर आले की हा हातातल्या पान्याकडे बघे. साहेबही वाट अडवून कधी उभे राहिले नाहीत. आम्हाला वाटे, आज बोलतील, उद्या बोलतील. ऑफिसातल्या लोकांना अशा वेळी फार घाई असते.

त्यांच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी निघाले तेव्हा नरसिंगलू आमच्या मजल्यावरच्या लिफ्टसमोर बसला होता. दारापुढं 'बंद' अशी पाटी, बाजूचं पत्र्याचं झाकण उघडं, हत्यारं पसरलेली. साहेब हातात पिशवी आणि डबा घेऊन आले. त्यांचे गुडघे गेलेले, डॉक्टरांनी जिना बंद केलेला. नरसिंगलूनं मान वर केली नाही. एवढंच म्हणाला, "लिफ्ट बंद है साब. सीढी से जाव."

आत दिवा जळत होता. दारावरचा मजल्याचा आकडाही लागलेला होता; बंद लिफ्टचा तो लागत नाही. मी तो बघितला आणि साहेबांनीही बघितला. त्यांच्या नजरेतून काही सुटणं शक्यच नव्हतं. "अच्छा," म्हणाले, आणि जिन्याकडे वळले.

मी पिशवी घ्यायला पुढं झाले. "नको, सुनंदाबाई," ते म्हणाले, "तुम्ही परेशान होऊ नका." कठड्याला धरून, दोन्ही पाय एका पायरीवर आणत ते उतरायला लागले. प्रत्येक वळणावर थांबत होते. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळानं ते फाटकातून बाहेर पडले, ऑटोवाल्याशी काहीतरी बोलले, आणि वर न बघता आत बसले.

मी वळले तेव्हा नरसिंगलूनं झाकण लावलं होतं आणि पाटी उचलून भिंतीला टेकवली होती. माझ्यासाठी तो लिफ्टचं दार धरून उभा होता. "आव मॅडम," म्हणाला.

काय बिघडलं होतं ते मी विचारलं नाही. जिन्यानं खाली गेले.